हिरव्या रंगाखालची शेती : डहाणू-तलासरीचे जुने नकाशे

डहाणू शहराच्या किंचित उत्तरेकडून २० अंशांचे अक्षवृत्त जाते आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने आपल्या पत्रकांची विभागणी नेमकी याच रेषेवर केलेली असल्यामुळे डहाणू शहर ‘४७ ए’ या गटात, तर घोलवड, बोर्डी आणि तलासरी ‘४६ डी’ या गटात मोडतात. साहजिकच या सलग शेतीपट्ट्याच्या अभ्यासकाला पत्रके शेजारी शेजारी मांडूनच बसावे लागते. जमिनीचा चढउतार, पाणी, वाटा आणि वस्त्या प्रमाणबद्ध दाखवणाऱ्या अशा पत्रकास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. जुन्या पत्रकांवर एका इंचात एक मैल बसे. मेट्रिक पद्धतीनंतर हे प्रमाण १:५०,००० झाले.

१९६० पूर्वीच्या पत्रकावर आजची राज्यसीमा सापडत नाही, कारण तलासरीकडील गावे तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होती आणि उंबरगाव गुजरातेत गेल्यावरच ती त्यापासून तुटली.

महसुली गावनकाशा सर्व्हे नंबरांच्या हद्दी दाखवतो, कारण त्याला सारा ठरवायचा असतो. स्थलनिर्देशक नकाशावर मात्र विखुरलेले वारली पाडे लहान चौकोनी खुणांनी आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा तुटक रेषांनी उमटतात, आणि या प्रदेशापुरते तरी हेच त्याचे मोठे मोल आहे. रंगांच्या बाबतीत मात्र तो तोकडा पडतो. पिवळा रंग लागवडीचा, हिरवा जंगलाचा, अशी ही सरळ वाटणी आहे. परंतु वरकस जमीन, म्हणजे काही वर्षे नाचणी-वरई पिकवून पुढे पड टाकली जाणारी उतारावरची हलकी जमीन, यांपैकी कोणत्या रंगात बसवावी? भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, टहाळ आणि शेण पसरून रोपवाटिकेची जमीन जाळायची, तर तो टहाळही हिरव्या रंगातूनच येई.

वनहक्क कायदा, २००६ नुसार आदिवासी दावेदाराचा वनजमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो आणि त्याच्या नियमांत नकाशे हे पुराव्याचे एक साधन मानलेले आहे. त्यामुळे पत्रकावरील हिरव्या रंगावरून तेथे शेती नव्हतीच असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. त्याच हिरव्यात उमटलेली पाड्याची खूण आणि तेथे पोहोचणारी पायवाट यांना, वस्तीची साक्ष म्हणून, अधिक वजन द्यावे लागते.