देवाकडे देशासाठी काय मागावे?



१५ ऑगस्ट जवळ आला म्हणजे गावोगावच्या शाळांतून झेंडावंदनाची तयारी सुरू होते. त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही देशासाठी उपासना होते. पाळकसाहेब आभाराची प्रार्थना करतात आणि लोक 'आमेन' म्हणतात. हे पाहून एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, इंग्रज राज्यकर्ते ख्रिस्तीच होते ना? मग ते गेले म्हणून ही मंडळी देवाचे आभार का मानतात?" प्रश्न लहान तोंडचा असला तरी मोठा आहे. त्याचे उत्तर गुरुजींजवळ असावे, म्हणून आज थोडे बोलणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, राज्यकर्त्याचा आणि आपला धर्म एक असला म्हणून पारतंत्र्य काही गोड होत नाही. हे ख्रिस्ती माणसाला स्वातंत्र्यानंतर सुचलेले शहाणपण नव्हे. १८८९ साली मुंबईला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांत पंडिता रमाबाई होत्या. १९१६ साली बेळगावात लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तिचे पहिले अध्यक्ष कोण? मुंबईचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना प्रेमाने काका म्हणत. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपल्याला शाळेच्या पुस्तकातून भेटलेले कवी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात धरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही त्या दरबारात जागा होती. ख्रिस्ती व्हायचे म्हणजे परके व्हायचे नव्हे, हे त्यांनी जगून दाखवले. टिळक १९१९ साली वारले, रमाबाई १९२२ साली गेल्या आणि काका १९३० साली. स्वातंत्र्याचा दिवस तिघांपैकी एकालाही दिसला नाही. पेरणारे गेले आणि पीक आपल्या हाती आले. आभार मानायचे ते याचे.

आता दुसरी गोष्ट. स्वातंत्र्य आले तेव्हा महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज मूठभर होता. आजही तो मोठा नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार भरले; शंभरात एकही पुरता नाही. मूठभर माणसाला भीती वाटते. बहुसंख्यांच्या राज्यात आपले कसे होईल, ही ती भीती. तिच्यावर इंग्रजी अमदानीत एक तोड निघाली होती. १९३५ च्या कायद्याने काही प्रांतांत ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ मिळाले. ख्रिस्ती माणसाने मत द्यायचे ते ख्रिस्ती उमेदवाराला. शेजाऱ्याकडे मत मागायला जायलाच नको!

१९४७ साली घटना समितीने हे वेगळे मतदारसंघ बंद केले, पण काही काळ राखीव जागा ठेवायचे ठरवले. मध्यवर्ती कायदेमंडळात आणि मद्रास व मुंबई या प्रांतांत ख्रिस्ती समाजाला जागा राखून मिळणार होत्या. मुंबई प्रांतात, म्हणजे आपल्याकडेच. एवढे ताटात वाढलेले होते. आणि मग काय झाले? घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीपुढे त्यांनीच ठराव आणला की, धर्माच्या नावावर राखीव जागा नकोत. मे १९४९ मध्ये समितीने आणि पाठोपाठ घटना समितीने तो विचार मान्य केला. मद्रासचे फादर जेरोम डिसोझा यांच्यासारखे ख्रिस्ती सभासदही या निर्णयाच्या बाजूचे होते.

श्रोतेहो, या घटनेचा अर्थ नीट पाहू या. हातातली काठी टाकून द्यायची आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे, असा हा निर्णय होता. ज्याने भिंत मागितली नाही, त्याने विश्वास टाकला. त्याच घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. ख्रिस्ती समाजाची कृतज्ञता नुसती तोंडची नव्हती. तिने मिळणारे काही सोडून दाखवले.

पण एक सांगितले नाही तर हे बोलणे अपुरे राहील. विश्वास टाकणाऱ्याला कधी किंमतही मोजावी लागते. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तसेच मराठवाड्यात अनेक ख्रिस्ती कुटुंबे मूळची महार-मांग समाजातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत, आणि तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आभार मानणारा माणूस न्याय मागू शकत नाही असे थोडेच आहे? आईचे उपकार मानणारा मुलगा भूक लागली की भाकरी मागतोच. फक्त मागताना तो घराची वाटणी मागत नाही, एवढेच.

मग देवाकडे देशासाठी मागायचे तरी काय? येशूने दोन माणसांची गोष्ट सांगितली. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात गेले. परूशी ताठ उभा राहून देवाला आपली पुण्याई मोजून दाखवू लागला. जकातदाराने मान खाली घातली, ऊर बडवला आणि दया मागितली. देवाला पसंत पडला तो दुसरा. देशासाठीही या दोन्ही तऱ्हांनी प्रार्थना करता येते. "देवा, आमचा देश सर्वांत थोर, आमचा समाज सर्वांत चांगला, बिघडलेले आहेत ते दुसरे," ही परूश्याची प्रार्थना. "देवा, आमच्या मंडळीतही जात शिरली, आम्हीही शेजाऱ्याला विसरलो, तेव्हा सुधारणा आमच्यापासून होऊ दे," ही जकातदाराची. नम्र प्रार्थनेत दुसऱ्याची तक्रार शेवटी येते, आपली कबुली आधी.

आणखी एक जुना दाखला आहे. यहुदी लोकांना कैद करून बाबेलला नेले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र धाडले. तुम्ही ज्या नगरात राहता त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे भले झाले तर तुमचे भले होईल, असा त्याचा आशय. कैद्यांनी परक्या नगरासाठी जर एवढे करायचे, तर आपण आपल्या मायभूमीसाठी किती करावे!

हे आपल्या इकडे ताडून पाहा. पुण्याजवळचे वारजे घ्या. एके काळी मुठेकाठचे शेतीचे गाव, आता शहराचाच भाग. वर खडकवासला, खाली पुणे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही तोडला आणि मुठा पुण्याच्या पेठांत शिरली. पाण्याने कुणाचे देऊळ, मशीद की चर्च ते विचारले नाही. नदी सगळ्यांची एक, तसा देशही एक. वारज्याच्या ख्रिस्ती माणसाने पाऊसपाण्यासाठी हात जोडले, तर तो पाऊस एकट्या त्याच्या अंगणात पडायचा नाही. देशासाठी केलेले मागणे शेजाऱ्याला वगळून करताच येत नाही.

आणि प्रार्थना झाली की उठून कामाला लागायचे. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनीही प्रार्थना केली. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या, शेकडो अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. गुडघे टेकणे आणि कंबर कसणे ही एकाच भक्तीची दोन अंगे आहेत.

शिक्षक बंधूंना एक सुचवतो. झेंडावंदनानंतर मुलांना नुसता जयजयकार शिकवू नका. प्रत्येकाला आपापल्या धर्माच्या रीतीने दोन मिनिटे शांत उभे राहू द्या. देशाकडून मला काय मिळाले, आणि माझ्या हातून देशाचे काय करायचे राहिले, एवढे दोनच प्रश्न मनाशी विचारू द्या. ख्रिस्ती मुलगा हात जोडील, तो असे काही म्हणेल:

हे प्रभो, मोकळा श्वास दिलास, तुझे आभार. राज्य करणाऱ्यांना न्यायबुद्धी दे. उपाशी आहे त्याला भाकरी दे, आणि ती पोचवायला माझे हात घे. माझ्या देशाला मोठेपण दे, पण त्याआधी आम्हांला लहान व्हायला शिकव.

दुसऱ्या धर्माच्या मुलालाही यातला एकेक शब्द आपला वाटेल. वाटला, तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असे समजायला हरकत नाही.