पुरस्कार, परीक्षक आणि आपण बाहेरचे प्रेक्षक



आमच्या बडोद्यात मराठी चित्रपट लागलाच तर चार दिवस, तोही अडनिड्या वेळेला. त्यामुळे काय बघायचे हे आमच्यापुरते बहुधा पुरस्कारच ठरवतात. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला परीक्षकांची निवड पटली नाही, तर तो दुसरा चित्रपट बघून येतो. आमच्यापर्यंत तो दुसरा चित्रपट पोहोचतच नाही. म्हणून परीक्षकांशी भांडण्याचा हक्क आम्हाला थोडा अधिक आहे, असे मी मानते.

१९५४ साली ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो पहिला मान पुन्हा मराठीकडे यायला ‘श्वास’ची, म्हणजे २००४ची, वाट पाहावी लागली. पुढच्या तेरा वर्षांत मात्र ‘देऊळ’ (विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ असे तीनदा सुवर्णकमळ आले. यांतले शेवटचे दोन आणि व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवणारा ‘द डिसायपल’ मी नुकतेच विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पाहिले.

‘कासव’बद्दल माझे मत फारसे लोकप्रिय होणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या कामाविषयी मला आदर आहे. नैराश्यासारख्या विषयाला इतक्या हळुवारपणे हात घालणे सोपे नव्हे. पण कवचात शिरणारे कासव आणि स्वतःत मिटलेला मुलगा ही तुलना एकदा कळली की पुरे होते. इथे ती पुन्हा पुन्हा समजावून दिली जाते. त्याच वर्षी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘व्हेंटिलेटर’साठी राजेश मापुसकरांना मिळाला. दवाखान्यात जमलेला तो गोतावळा, त्यांची कुजबूज, मानापमान! माझ्या हाती असते तर सुवर्णकमळही मी तिकडेच दिले असते.

‘डिसायपल’मध्ये शरद रात्री मोटारसायकलवरून जाताना माईंची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकतो. तो आवाज सुमित्राबाईंचाच आहे. दिग्दर्शिका म्हणून मला ज्या जास्त बोलतात असे वाटते, त्यांचे इथले बोलणे मात्र संपू नये असे वाटले. पटकथेचे पारितोषिक अगदी योग्य जागी गेले. साधना करूनही गाणे न येणाऱ्या माणसावर दोन तासांचा चित्रपट लिहायचा, आणि त्याची कीव येऊ द्यायची नाही!

आता ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच चित्रपटाच्या पुरस्काराविषयी मला शंका नाही. वर्गात वाद झाला तो वेगळ्याच प्रसंगावरून. लोकशाहीर नारायण कांबळेंविरुद्ध खटला चालवणारी सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयांची यथेच्छ टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह खळखळून हसते. कॅमेरा हलत नाही, कुणी टिप्पणी करत नाही. आमचे दोघेतिघे विद्यार्थीही हसले. आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मॅडम, मग बडोद्यात आपण कोण?”

तिचे आजोबा महाराष्ट्रातून बडोद्याला आलेले. घरात मराठी, शाळा गुजराती. चित्रपटातला बचावाचा वकील विनय व्होरा घरी आईवडिलांशी गुजराती बोलतो, मुंबईत. आपण नेमके त्याच्या उलट. त्या नाटकाला टाळ्या वाजवणारे मराठी आणि ज्यांच्यावर हसणे चालले आहे ते, या दोघांत कुठे बसायचे, हा प्रश्न दादरच्या प्रेक्षकाला पडण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या आपल्या माणसांना तो पडतोच. बेळगावकरांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे कोण बाहेरचे, यावरच तर भांडण आहे.

परीक्षकांनी हे सगळे मनात धरून पुरस्कार दिला असेल, असे मी म्हणत नाही. पण तो पुरस्कार मिळाला नसता तर ‘कोर्ट’ आमच्या वर्गापर्यंत आला नसता, आणि त्या मुलीने तो प्रश्न विचारला नसता.

पुढच्या महिन्यात ‘साबर बोंडं’ दाखवणार आहोत. २०२५ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. चित्रपटानंतर तासभर चर्चा असते, चहा अकादमीतर्फे. मतभेद घेऊन या.