चव्हाट्यावरचा पत्ता आणि चळवळीची नीती

(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाला मराठीत अद्याप रूढ शब्द नाही. इंग्रजीत त्याला 'डॉक्सिंग' म्हणतात. कागदपत्रे या अर्थाच्या 'डॉक्युमेंट्स' या शब्दापासून १९९० च्या दशकात संगणकक्षेत्रातील बोलीत तो तयार झाला. एखाद्या व्यक्तीचे खरे नाव, घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, मुलांची शाळा इत्यादी खासगी माहिती तिच्या संमतीवाचून, तिला त्रास व्हावा या हेतूने जगजाहीर करणे, असा त्याचा अर्थ. भाषांतर करताना आपला 'चव्हाट्यावर आणणे' हा जुना वाक्प्रचार त्याला सर्वांत जवळचा वाटतो. परंतु अडचण अशी की, मंत्र्याचा भ्रष्टाचारही आपण चव्हाट्यावरच आणतो. एकाच शब्दात दोन परस्परविरोधी कृती दडलेल्या आहेत. त्यांतील भेद स्पष्ट करणे हे आजचे काम आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. संप फोडणाऱ्या मुकादमाचा घरचा पत्ता समूहात पाठवा, अमुक अधिकाऱ्याच्या पत्नीला रात्रभर दूरध्वनी करा, अशा सूचना आज भ्रमणध्वनीवर सहज फिरतात. हटकले, की उत्तर मिळते : "शत्रू हेच करतो, मग आपण का करू नये?" हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उपदेशाने नव्हे, इतिहासाच्या आधारे उत्तर दिले पाहिजे.

बहिष्काराची दोन तोंडे

सार्वजनिक दडपण हे श्रमजीवी जनतेचे जुने शस्त्र आहे. 'बॉयकॉट' हा शब्दच एका माणसाच्या नावावरून आला. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट कुळांना जमिनीवरून हुसकावू पाहत होता. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेलने प्रश्न केला : शेजाऱ्याला हुसकावलेली जमीन जो घेतो, त्याचे काय करावे? जमावातून 'ठार करा' अशा आरोळ्या उठल्या. पार्नेलने त्याऐवजी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडण्याचा मार्ग सांगितला. थोड्याच दिवसांत बॉयकॉटच्या शेतावरचे मजूर निघून गेले. दुकानदारांनी माल देणे थांबवले. अखेर उभे पीक काढण्यासाठी बाहेरून मजूर आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावे लागले. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. १ डिसेंबर १८८० रोजी बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

या लढ्यात कुळांनी वापरले ते त्यांच्या मालकीचे होते : स्वतःचे श्रम, स्वतःचा माल, स्वतःची सोबत. ते त्यांनी काढून घेतले. नेते उघडपणे व्यासपीठावर होते, मागणी स्पष्ट होती. मात्र याच काळात रात्रीचे हल्ले आणि निनावी धमकीची पत्रे असेही प्रकार चालले होते. त्यांचेच निमित्त पुढे करून ब्रिटिश सरकारने १८८१ साली विनाचौकशी तुरुंगात डांबण्याचा कायदा केला, आणि त्याच वर्षी खुद्द पार्नेललाही कैद केले. शिस्तबद्ध बहिष्काराने जे मिळवले, ते निनावी धमकीने धोक्यात आणले.

परंतु एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. मराठीत 'बहिष्कार' या शब्दाला दुसरे, अधिक जुने आणि अधिक भेसूर तोंड आहे : वाळीत टाकणे. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. मुंबई इलाख्यात १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे आंबेडकर सदस्य होते. दलितांनी हक्क बजावू लागताच गावातील जमीनदार काम बंद करतात, वाटा बंद करतात, वाणी माल देत नाही, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार, त्याला चिथावणी आणि त्याची धमकी हे गुन्हे ठरवावेत अशी मागणी केली. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा २०१६ साली संमत झाला आणि २०१७ पासून अमलात आला. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध चालवलेली मोहीम होती.

कोणी म्हणेल, तो गावचा जमीनदारही स्वतःच्या मालकीचेच काम आणि धान्य रोखून धरत होता. खरे आहे. म्हणूनच 'आपले ते काढून घेणे' हा एकच निकष पुरेसा नाही. कोण कोणावर अवलंबून आहे, हेही पाहिले पाहिजे. मेयोमध्ये ज्यांच्यावर सत्ता चालत होती, त्यांनी सत्तेचे हात बांधले. आपल्या गावांत विहीर, जमीन आणि दुकान ज्यांच्या ताब्यात होते, त्यांनी भुकेल्याचे तोंड बांधले. कृतीचे बाह्य रूप एक, वर्गीय आशय विरुद्ध.

याद्या कोण करतो?

खासगी माहितीच्या याद्या करण्याचे तंत्र चळवळीने शोधलेले नाही. ते मालकांचे आणि राज्यसंस्थेचे तंत्र आहे. ब्रिटनमध्ये १९१९ साली स्थापन झालेली 'इकॉनॉमिक लीग' ही मालकधार्जिणी संस्था डाव्या कामगारांच्या नोंदी ठेवी. १९९३ साली ती बंद झाली, आणि बांधकाम कंपन्यांनी 'कन्सल्टिंग असोसिएशन' या नावाने तेच काम पुढे चालवले. फेब्रुवारी २००९ मध्ये तिच्या कचेरीवर छापा पडला, तेव्हा ३,००० हून अधिक बांधकाम कामगारांची टिपणे सापडली. सुरक्षिततेची मागणी केली, युनियनचे काम केले, एवढ्यावरून माणसांना वर्षानुवर्षे काम नाकारले जात होते, आणि कारण कोणीच सांगत नव्हते. न्यायालयीन लढ्यानंतर २०१६ साली कंपन्यांना माफी मागून भरपाई द्यावी लागली.

आपल्या देशात मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने लखनौच्या चौकाचौकांत फलक उभारले. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात नुकसान केल्याचा आरोप असलेल्या पन्नासहून अधिक व्यक्तींची छायाचित्रे, नावे आणि पत्ते त्यांवर होते. आरोप सिद्ध झालेले नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि ९ मार्च रोजी फलक काढण्याचा आदेश दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता, त्याचा आधार या आदेशाला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले गेले, परंतु आदेशाला स्थगिती मिळाली नाही.

विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाहाची सूचना तीस दिवस जाहीर लावावी लागते. केरळमध्ये या सूचना नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर चढवल्या जात, आणि धर्मांध गट तेथून आंतरधर्मीय जोडप्यांची नावे व छायाचित्रे उचलून पसरवत. जुलै २०२० मध्ये तेथील सरकारने ही प्रथा बंद केली. कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला कागद आणि हजारो हातांत फिरणारा पत्ता यांत किती अंतर आहे, ते यावरून ध्यानात येते. पुढे जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे 'लिलावासाठी' म्हणून संगणकजालावर मांडली गेली. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. या स्त्रियांनी बोलणे थांबवावे, हाच त्याचा हेतू होता.

आणि कॉम्रेड्स, आपल्यापैकी कोणाला हे विसरता येईल की, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघाले असताना मारले गेले? १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर सकाळच्या फेरीहून परतताना घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत गौरी लंकेश स्वतःच्या घराच्या दारात पडल्या. मारेकऱ्याला युक्तिवाद लागत नाही. त्याला घर आणि वेळ माहीत असावी लागते.

नाव घेणे आणि घर दाखवणे

याचा अर्थ आपण कोणाचे नावच घेऊ नये असा आहे काय? मुळीच नाही. खासगीपणाचे कवच पांघरून सत्ता लपू पाहते, हाही आजचाच अनुभव आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलून टाकले. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देण्याची तरतूद त्या कलमातच होती. आता वैयक्तिक माहिती म्हटली की नकार देता येतो. कलम ८(२) मधील जनहिताचा आधार शिल्लक आहे, परंतु वाट अरुंद झाली आहे. म्हणजे लखनौच्या आंदोलकाचा पत्ता चौकात, आणि अधिकाऱ्याच्या कारभाराचा कागद कपाटात! आपली मागणी याच्या नेमकी उलट असली पाहिजे : सत्तेचा व्यवहार उघडा, माणसाचे घर सुरक्षित.

ऑक्टोबर २०१७ मध्ये विद्यापीठांतील लैंगिक छळाचा आरोप असलेल्या अध्यापकांची एक यादी प्रसृत झाली, तेव्हा स्त्रीचळवळीतच मतभेद झाले. तपशील नसलेल्या, उत्तर देण्याची सोय नसलेल्या यादीने न्याय होत नाही, असे एका बाजूचे म्हणणे. तक्रार समित्याच प्रतिष्ठितांना पाठीशी घालतात, मग मुलींनी जावे कोठे, असे दुसऱ्या बाजूचे. दुसरी बाजू झटकून टाकता येत नाही. ती यादी संस्थांच्या अपयशावरचा आरोपही होती. परंतु तिच्यात घरांचे पत्ते नव्हते, आक्षेप पदाच्या गैरवापरावर होता, हे लक्षात घ्या. तिचे उत्तर तक्रारदाराच्या मागे उभी राहणारी संघटना हे आहे. जेथे संघटना कच खाते, तेथे निनावी यादी जन्म घेते.

आपली शिस्त

यातून कार्यकर्त्यांसाठी काही स्पष्ट नियम निघतात.

पहिला : दडपण पदावर आणा, घरावर नाही. कारखान्याचे फाटक, कचेरी, मंत्रालय ही आपली ठिकाणे. कोणाची पत्नी, आई, मूल हे कधीही लक्ष्य असू शकत नाही.

दुसरा : निर्णय ज्याचा, जाब त्याला. फाटकावरचा पहारेकरी आणि दूरध्वनीवर उत्तर देणारी कंत्राटी मुलगी हे आपल्याच वर्गाचे आहेत.

तिसरा : जे बोलाल ते सहीनिशी बोला. प्रसिद्ध करण्यापूर्वी पडताळा, आणि समोरच्याचे उत्तर असल्यास तेही सांगा.

चौथा : मागणी आणि शेवट ठरलेला असावा. संप मागे घेता येतो, बहिष्कार उठवता येतो. एकदा पसरलेला पत्ता कोणत्याही समितीला परत घेता येत नाही. ज्या हत्याराचा चाप आपल्या हातात राहत नाही, ते चळवळीचे हत्यार नव्हे.

पाचवा : सभासदांच्या याद्या, निदर्शनांतील छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक यांची राखण ही संघटनात्मक जबाबदारी आहे. ती हलगर्जीपणे हाताळणे म्हणजे आपल्याच माणसांचे घर शत्रूला दाखवणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शत्रू करतो, मग आपण का नको? कारण या खेळात दोन्ही बाजू समान नाहीत. मालकाचा पत्ता फुटला, तर तो पहारा वाढवतो, दुसऱ्या घरी जातो, पोलीस त्याच्या दारी उभे राहतात. झोपडपट्टीतल्या कामगार स्त्रीचा पत्ता फुटला, तर तिला जायला दुसरे घर नसते. पत्ते उघडे करणे हा सर्वमान्य रिवाज झाला, की त्याची किंमत सर्वांत जास्त आपलीच माणसे मोजणार आहेत. आपले सामर्थ्य लपून दगड मारण्यात कधीच नव्हते. उघड्या मैदानात, स्वतःच्या नावानिशी, हजारोंनी एकत्र उभे राहण्यात ते होते, आणि आजही तेथेच आहे.