नळीतून जाणारा घास

(हीरक महोत्सवी वर्षातील विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



हैदराबादेत साठ वर्षे मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या या शाळेने मला बोलावले, याबद्दल मी ऋणी आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी येथे माशांना आपोआप खाद्य देणारे यंत्र मांडले आहे. त्यातील मोटर आणि घड्याळ सर्वांच्या नजरेत भरते. मी मात्र त्यातील सर्वांत साध्या भागाविषयी, खाद्याच्या डब्यापासून पाण्यापर्यंत जाणाऱ्या नळीविषयी बोलणार आहे.

पाणी नळीतून वाहते, तसे दाणे वाहत नाहीत. दाण्यांची रास एका ठरावीक उतारावर स्थिर राहते. नळीचा उतार त्याहून कमी असला की दाणे वाटेतच थांबतात. नळी अरुंद असेल तर दाणे एकमेकांना अडवून कमान धरतात आणि वरचे खाद्य वरच राहते. म्हणून नळीचा व्यास दाण्याच्या कितीतरी पट हवा, उतार तीव्र हवा आणि वळण काटकोनात नको. तिसरा शत्रू म्हणजे बाष्प. नळीचे तोंड पाण्यालगत असेल तर ओलसर हवा आत शिरते, खाद्याची भुकटी भिंतीला चिकटते, फुगते आणि बूच बसते. नळीचे तोंड पाण्यापासून वीतभर वर ठेवावे आणि खाद्य पडतानाच उघडेल अशी झडप तिला बसवावी.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर नॉर्वेकडे पाहावे. तेथे समुद्रातील पिंजऱ्यांत सॅमन मासे वाढवतात आणि शेकडो मीटर लांबीच्या पॉलिथिलीनच्या नळ्यांतून हवेच्या झोताने खाद्य पोहोचवतात. हवेचा वेग कमी पडला तर दाणे साचतात. फार वाढवला तर ते भिंतींवर आपटून फुटतात, आणि झालेली भुकटी मासे खात नाहीत. शिवाय दाण्यांच्या घर्षणाने नळी आतून झिजते आणि प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण समुद्रात जातात. साध्या नळीचा हिशेब असा समुद्रापर्यंत पोहोचतो.

एवढी काळजी कशासाठी? मत्स्यपालनात सर्वांत मोठा खर्च बहुधा खाद्याचाच असतो. पण वाया गेलेले खाद्य केवळ पैसा बुडवत नाही. ते तळाशी कुजते, पाण्यातील प्राणवायू संपवते आणि अमोनिया निर्माण करते. पाण्याचे तापमान आणि सामू वाढला की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. रात्री पाण्यातील शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे तळ्यात तो सर्वांत कमी असतो. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. प्राणवायू संपलेल्या पाण्यात तो एक रात्रही काढू शकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत यंत्राच्या भरवशावर मत्स्यपेटी सोडून जाताना हे ध्यानात असावे. नळी तुंबण्यापेक्षा झडप उघडी राहणे अधिक घातक आहे.

आता आपल्या शेजारच्या आंध्रात येऊ. कोल्लेरू सरोवराच्या परिसरात रोहू आणि कटला पाळणारे शेतकरी तांदळाचा कोंडा आणि पेंड छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून तळ्यात बांबूंना टांगतात. मासे छिद्रांपाशी येऊन हवे तेवढेच ओढून खातात. काही तासांनी शेतकरी पोते तपासतो. पोते रिकामे असेल तर भूक चांगली आहे. खाद्य उरले असेल तर पाणी बिघडले असावे किंवा मासे आजारी असावेत. येथे मोटर नाही, घड्याळ नाही. पण आपल्या यंत्रात नसलेली एक गोष्ट आहे. माशाकडून माणसाकडे बातमी येते.

विद्यार्थिमित्रहो, नळी एकाच दिशेने वाहते. तिच्यातून घास जातो, भुकेची वार्ता परत येत नाही. म्हणून यंत्र लावले तरी रोज काही क्षण पाण्याजवळ उभे राहा. मासे वर येतात का, दाणे तळाशी उरतात का, हे डोळ्यांनी पाहा आणि त्यानुसार घड्याळाचा काटा फिरवा. पुढच्या वर्षी या यंत्राला उरलेले खाद्य दिसेल अशी काही युक्ती तुम्ही जोडाल, अशी मला आशा आहे.

शिक्षकांना हे सांगायला नको. शिकवलेले किती पोहोचले, हे मुलांच्या चेहऱ्यांवर वाचतच या शाळेने साठ वर्षे अध्यापन केले आहे. त्या परंपरेला वंदन करून, प्रदर्शनाला सुयश चिंतून मी आपली रजा घेतो.