वाऱ्यांतला खड्डा



२०२२ च्या जूनमध्यें आमच्या मूर्तिजापुराजवळ एक विक्रम झाला, तो आपणांस आठवत असेल. अमरावती-अकोला महामार्गावर एका पदराच्या हिशेबानें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि गिनीजच्या विक्रमपुस्तकांत त्याची नोंद झाली. तें काम ७ जूनला पुरें झालें. त्यानंतर पांचच दिवसांनीं, अझरबैजानची राजधानी बाकू येथें, फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली. तींत मर्सिडीज गाडीचे चालक लुईस हॅमिल्टन चौथे आले खरे. पण गाडींतून उतरतांना त्यांना पाठ धरावी लागली. तासाला तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतांना ती गाडी त्यांना सारखी खालींवर आपटीत होती.

माझा एक जुना विद्यार्थी येथें मोटारदुरुस्तीचें काम करितो. तो म्हणाला, “गुरुजी, रस्ता खराब असेल. स्प्रिंगा मऊ घालाव्या, झालें!” बंडी उसळते ती रस्त्यामुळें, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, तेव्हां त्याचें म्हणणें कोणासहि पटेल. बाकूचा रस्ता शहरी असल्यामुळें कांहींसा उंचसखल होता, हेंहि खरें. परंतु त्याच वर्षीं फेब्रुवारींत, बार्सिलोना येथील चांगल्या धावपट्टीवर, याच नव्या गाड्या उसळल्या होत्या. तेव्हां कारण अन्यत्र शोधावयास हवें.

मृगाच्या वादळांत आपल्याकडे छपरावरचीं टिनें उडतात. वारा छपरावरून वेगानें धांवतो, तेथील दाब घटतो, आणि आंतील हवा टिनांस वर ढकलते. म्हणून आपण त्यांवर दगड ठेवितों. शर्यतीच्या मोटारींत हाच न्याय उलटा योजिलेला होता. तिच्या तळाला लांब बोगद्यांसारखा आकार होता: तोंडाशीं मोठा, मध्यें अरुंद, मागें पुन्हा उंच होत जाणारा. अरुंद जागेंतून जातांना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, व गाडी रस्त्याकडे ओढली जाते. या ओढीमुळें चाकें रस्त्यास घट्ट धरून राहतात व वळणावरहि वेग टिकतो. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघानें ही युक्ति प्रथम यशस्वी केली. १९७८ मध्यें लोटस गाडी चालवून मारिओ आंद्रेत्ती जगज्जेते झाले. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ मध्यें बोगदे परत आले, आणि त्यांजबरोबर जुनें दुखणेंहि परतलें.

तें दुखणें असें. वेग जितका अधिक तितकी ओढ अधिक. आणि तळ जितका खालीं जाईल तितकी ती आणखी वाढते. असें होतां होतां तळ व रस्ता यांमधील फट इतकी बारीक होते कीं, हवेचा प्रवाह कोंडतो आणि तुटतो. ओढ एकाएकीं सुटते. दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा व टायर गाडीला वर फेंकतात. फट मोठी झाली कीं प्रवाह पुन्हा सुरू होतो, ओढ परत येते, गाडी पुन्हा खालीं बसते. हें चक्र सेकंदाला पांच-सहा वेळां फिरतें. पाण्याबाहेर उसळून पुन्हा बुडी मारणाऱ्या पॉर्पॉइझ नांवाच्या जलचरावरून यास पॉर्पॉइझिंग म्हणतात. खड्डा रस्त्यांत नसून वाऱ्यांत असतो, तो असा.

मग मऊ स्प्रिंगा कां चालत नाहींत? स्प्रिंग मऊ असली तर त्या ओढीनें गाडी भलतीच खालीं बसेल. तळ ठरल्या उंचीवर राहावा म्हणून स्प्रिंगा कठीण ठेवितात. आणि त्या कठीण असल्यामुळें प्रत्येक धक्का चालकाच्या मणक्यांपर्यंत पोंचतो. सोपा उपाय एकच, गाडी थोडी उंच करणें. परंतु उंची वाढली कीं ओढ घटते, आणि शर्यतींत मागें पडावें लागतें.

ज्यांच्या गाड्या फारशा उसळत नव्हत्या ते म्हणत, ‘ज्यांना त्रास होतो त्यांनीं आपली गाडी उंच करावी.’ हें तर्काला धरून होतें. पण मीं पुष्कळ वर्षें शाळेंतील मुलांच्या शर्यती घेतल्या आहेत. पाय मुरगळलेला मुलगा आपण होऊन रांगेबाहेर आलेला मीं क्वचितच पाहिला. त्याला थांबविणें हें पंचाचें काम.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानें तें काम केलें. ऑगस्ट २०२२ मधील बेल्जियमच्या शर्यतीपासून गाडीच्या उसळीचें मोजमाप करून तिला मर्यादा घातली. २०२३ साठीं तळाच्या कडा १५ मिलिमीटरनें वर घेतल्या, म्हणजे बोटाच्या जाडीएवढ्या! तेवढ्यानें उसळी पुष्कळ कमी झाली. २०२६ च्या नियमांत ते लांब बोगदेच गेले.

हें सर्व ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे गुरुजी, उपाय ठाऊक असूनहि ते करीत नव्हते?”

मीं म्हटलें, “एकट्यानें केला तर त्याची हार, सर्वांनीं केला तर कोणाचीच नाहीं. म्हणून तर नियम लागतो.”