नदीचं मूळ आणि साइक्सचं कूळ

श्रोते हो, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगत आली आहेत. तरीही माणसं शोधतातच. आज मी तुम्हाला एका इंग्रजी आडनावाची हकिकत सांगणार आहे. या आडनावाचं मूळ शोधायला गेलं, तर खरोखरच पाण्याचा एक ओहोळ सापडतो. कूळ शोधायला त्याच आडनावाचा एक शास्त्रज्ञ निघाला. त्याच्या हाती जे लागलं, त्यामुळे एकूणच आडनाव आणि रक्त यांचं नातं काय, हा प्रश्न नव्याने विचारावा लागला. ते आडनाव आहे साइक्स.

हे नाव आपल्या कानावरून अधूनमधून गेलेलं असतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पश्चिम आशियाची गुपचूप वाटणी करणारा साइक्स-पिको करार झाला, त्यातले इंग्रज गृहस्थ सर मार्क साइक्स. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला दरोडेखोर बिल साइक्स हाही याच नावाचा, फक्त त्याचं स्पेलिंग थोडं वेगळं. पण उमराव आणि दरोडेखोर ही दोन टोकं झाली. हे आडनाव खरं तर शेतकऱ्यांचं, मेंढपाळांचं आणि विणकरांचं.

प्राचीन इंग्रजीत ‘सीच’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ दलदलीच्या किंवा पाणथळ जमिनीतून वाहणारा लहानसा ओहोळ. पावसाळी दिवसांत वाहायचा, उन्हाळ्यात आटायचा, असा. बरेचदा दोन शेतांची किंवा दोन गावांची शीव अशा ओहोळावरूनच ठरे. दक्षिण इंग्लंडमध्ये या शब्दाच्या शेवटी ‘च’ राहिला. उत्तरेत मात्र डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले लोक वसले होते. त्यांच्या बोलीच्या वळणाने तिथे ‘च’च्या जागी ‘क’ ऐकू येऊ लागला. दक्षिणेतलं ‘चर्च’ उत्तरेत ‘कर्क’ झालं, ‘डिच’चं ‘डाइक’ झालं, तसंच ‘सिच’चं ‘साइक’. यॉर्कशायरच्या बोलीत असा ओहोळ आजही ‘साइक’च आहे. तेव्हा या आडनावातला एकटा ‘क’सुद्धा सांगून जातो, की ही मंडळी उत्तरेकडची.

अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तोपर्यंत तिथल्या सामान्य माणसाला वंशपरंपरेने चालणारं आडनाव नव्हतं. प्रथम जमीनदारांनी आडनावं घेतली, कारण त्यांना जमिनीचा वारसा सांगायचा होता. मग हळूहळू ती रीत खाली उतरली. साधारण १४०० सालापर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना आडनावं चिकटली होती. उत्तरेकडे हे थोडं उशिरा झालं. गावात चार जॉन असले, तर कर वसूल करणाऱ्या कारकुनाने ओळख पटवायची कशी? एक लोहार, म्हणून स्मिथ. एक रॉबिनचा मुलगा, म्हणून रॉबिन्सन. आणि एकाचं घर ओहोळाकाठी, म्हणून तो साइक्स. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतं, त्याच जातीचं हे आडनाव. फक्त इथे गावाऐवजी घराशेजारचं पाणी आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीपासून वेस्ट यॉर्कशायरच्या कागदपत्रांत हे नाव दिसू लागतं. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसवली गेली. तिच्या ज्या याद्या शिल्लक आहेत, त्यांतल्या वेस्ट रायडिंगच्या १३७९च्या याद्या अभ्यासकांना फार उपयोगी पडतात. पुढे १५३८पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं. तिथून पुढे घराण्याचा धागा बऱ्यापैकी हाती लागतो.

आता एक साधा तर्क करून पाहा. उत्तर इंग्लंड हा डोंगराळ, पावसाचा मुलूख. तिथे ओहोळांना काय तोटा? मग ओहोळाकाठचा माणूसही प्रत्येक दऱ्याखोऱ्यात असणार. म्हणजे साइक्स हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं असणार, आणि आजचे साइक्स हे एकमेकांचे कुणीही लागत नसणार. आडनावांचे अभ्यासकही साधारण असंच धरून चालले होते.

नकाशा मात्र वेगळंच सांगत होता. ब्रिटनच्या १८८१च्या जनगणनेतली नावं संगणकावर आल्यापासून कोणतं आडनाव कुठे दाट आणि कुठे विरळ, हे पाहणं सोपं झालं आहे. साइक्सचा नकाशा काढला, तर सगळी दाटी वेस्ट यॉर्कशायरमध्ये, त्यातही हडर्सफील्ड आणि आसपासच्या पेनाइन डोंगरातल्या दऱ्यांमध्ये दिसते. तिथून दूर जावं तसतसं नाव विरळ होत जातं.

सहाशे वर्षांनंतरही हे नाव उगमाजवळच का राहिलं? माणसं हलतच नव्हती असं नाही. हलायची, पण ओळखीच्या टापूतच. लग्न शेजारच्या गावी, नोकरी पलीकडच्या वाडीत. शिवाय १६६२च्या कायद्याने गरीब माणसाला परक्या परगण्यात स्थायिक होणं अवघड करून ठेवलं होतं. आणि या भागात शेतीच्या जोडीला घरोघरी लोकरीचं विणकाम होतं. औद्योगिक क्रांती आली, तेव्हा इतर ठिकाणच्या लोकांना पोटासाठी गाव सोडावं लागलं. इथे गिरण्याच दारात आल्या. मग साइक्स मंडळींनी दूर कशाला जावं?

काही जण गेलेच. सैन्यातून, व्यापारातून, वसाहतींच्या वाटेने हे नाव अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पोहोचलं. आपल्या दख्खनवरही आलं. यॉर्कशायरच्या घराण्यातले कर्नल विल्यम हेन्री साइक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. १८१७ साली पेशवाईच्या अखेरीस झालेल्या खडकीच्या लढाईत ते होते, आणि त्यांना मराठी येत होतं. १८२४मध्ये मुंबई सरकारने त्यांना आकडेवारी जमवण्याच्या कामावर नेमलं. तेव्हा त्यांनी दख्खनची शेती, लोकसंख्या, हवामान, पक्षी, मासे, सगळ्यांची टिपणं केली. १८३२ साली त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात प्रथमच वर्णन झालेला एक तुरेवाला चंडोल आजही इंग्रजीत ‘साइक्सचा चंडोल’ म्हणूनच ओळखला जातो. यॉर्कशायरमधल्या ओहोळाचं नाव आपल्या माळरानावरच्या पाखराला लागलं, ते असं.

आता वळू या कुळाकडे. ब्रायन साइक्स हे ऑक्सफर्ड विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक होते. २०२० साली ते वारले. एकदा त्यांना ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीत व्याख्यानाचं आमंत्रण आलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सर रिचर्ड साइक्स. तुम्ही त्यांचे नातलग का, असा प्रश्न आला. प्राध्यापकांना नात्याची काही माहिती नव्हती, पण तपासण्याचं साधन हाताशी होतं. पुरुषाच्या पेशीत ‘वाय’ नावाचं गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाकडे जातं, जवळजवळ जसंच्या तसं. इंग्रजी आडनावाचीही वाट तीच, बापाकडून मुलाकडे. तेव्हा दोघांची वाय गुणसूत्रं जुळली, तर कधीतरी मागे पूर्वज एक होता असं धरायला हरकत नाही. ती जुळली. हा किस्सा त्यांनी स्वतःच ‘अ‍ॅडम्स कर्स’ या २००३च्या पुस्तकात सांगितला आहे.

दोन माणसांचं जुळणं हा योगायोगही असू शकतो. म्हणून त्यांनी एकमेकांशी ज्ञात नातं नसलेल्या साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांचे नमुने तपासले. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ४८पैकी २१ जणांचं वाय गुणसूत्र तपासलेल्या खुणांपुरतं एकच होतं. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या लोकांत ती खूण आढळली नाही. शेकडो ओहोळांचे शेकडो साइक्स हा तर्क डळमळला. एकाच मूळपुरुषाची ही संतती, असं ब्रायन साइक्स यांनी मांडलं.

वर्तमानपत्रांना ही बातमी आवडली. पण श्रोते हो, माझ्या मते खरी गोष्ट उरलेल्या २७ जणांची आहे. नाव साइक्स, पण खूण साइक्सची नाही. अशा वेळी लोकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो कुणा बिचाऱ्या आजी-पणजीच्या चारित्र्याचा संशय. पण जरा थांबा. या सातशे वर्षांत काय काय घडलं असेल? विधवेने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या घरची मुलं सावत्र बापाच्या नावावर वाढली. कुणी अनाथ पोर घरात घेतलं. कुणा जावयाने सासऱ्याच्या जमिनीबरोबर त्याचं आडनावही घेतलं. आणि कुणा कुमारी मातेच्या मुलाला आईचंच आडनाव मिळालं. हे शेवटचं उदाहरण नीट पाहा. त्या मुलाची आई साइक्स, आजोबा साइक्स. म्हणजे रक्ताने तो साइक्सच. पण वाय गुणसूत्र आईकडून येत नाही, म्हणून चाचणी त्याला परका ठरवते. दोष त्या मुलाचा नाही आणि त्याच्या आईचाही नाही. चाचणीला एकच वाट दिसते, आणि तिच्याबाहेरचं सगळं तिच्या लेखी परकं.

अशा प्रकारे वाट तुटण्याचं प्रमाण ब्रायन साइक्स यांच्या हिशेबाने पिढीमागे सरासरी १.३ टक्के येत होतं. पुढे बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात जुन्या वंशावळी आणि वाय गुणसूत्रं ताडून पाहिली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही आकडा पिढीला सुमारे एक टक्काच निघाला. म्हणजे एकेका पिढीत हे फार क्वचित घडतं. पण सातशे वर्षं थेंबाथेंबाने साठत गेलं, की तळं होतं.

‘एकच मूळपुरुष’ हा निष्कर्षही पुढे जरा सावधपणे वाचला जाऊ लागला. लेस्टर विद्यापीठात तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस ब्रिटिश आडनावांच्या सुमारे सतराशे पुरुषांची तपासणी केली. तो अभ्यास २००९मध्ये आला. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या नावांत एक पूर्वज दिसत नाही, कारण लोहार गावोगाव होते. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ नावात मात्र बहुतेकांची खूण एकच निघते. त्याचं कारणही त्यांनी तपासलं. सुरुवातीला एक नाव धारण करणारे चार-पाच जण असतीलही. पण कुणाला मुलगेच झाले नाहीत, कुणाचं घर रोगराईत बसलं. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसं नेली. असं होत होत कधीकधी एकाचाच वंश टिकतो, आणि मागे वळून पाहणाऱ्याला वाटतं, की सुरुवातही एकाचीच होती. आडनावं अशी का नामशेष होतात, याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ सालीच मांडलं होतं.

वंशाची ही तूट फक्त विणकरांच्या घरात होते, असंही समजू नका. २०१२ साली लेस्टरमध्ये एका मोटार तळाखाली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे स्त्रियांच्या वाटेने आलेल्या वंशजांशी तो जुळला. पुरुषांच्या वाटेने आलेले, कागदोपत्री नात्यातले जे पाच जण तपासले, त्यांच्याशी मात्र जुळला नाही. त्या पाचांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळेना. २०१४मध्ये हे प्रसिद्ध झालं. एवढी जपलेली, वारशासाठी लढाया झालेली राजघराण्याची वंशावळ. तीही मध्येच कुठेतरी तुटलेली निघाली.

आज अशा चाचण्या कुणालाही घरबसल्या करता येतात. गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि टपालाने पाठवायचा. पुष्कळांना त्यातून दूरचे भाऊबंद सापडतात, आनंद होतो. काहींच्या हाती मात्र असा कागद पडतो, की नाव तुमचं असलं तरी खूण तुमची नाही. त्या माणसाने काय समजावं? त्याने एक हिशेब करावा. दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा, असं मागे गेलं तर दहाव्या पिढीत आपले १०२४ पूर्वज होतात. आडनाव त्यांतल्या फक्त एकाचं असतं. उरलेले १०२३ जण आपल्या रक्तात आहेत, पण नावात नाहीत. मग त्या एकाची खूण जुळली नाही, म्हणून आपण कमी साइक्स ठरतो का?

आडनाव कसं मिळतं, हे तर आपण पाहिलंच. ज्या घरात वाढलो, ज्या माणसांनी आपलं म्हटलं, त्यांचं नाव आपल्याला लागतं. तेराव्या शतकातल्या त्या पहिल्या माणसालाही ते रक्तावरून मिळालं नव्हतं. तो ओहोळाकाठी राहत होता, एवढंच. नदीचं मूळ शोधावं, कूळही शोधावं. शोधणाऱ्याने फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की वाटेत ओढे मिळाले म्हणून नदीचं नाव कुणी बदलत नाही, आणि त्या ओढ्यांचं पाणी परकं म्हणून वेगळं काढत नाही.