लिनक्सवर घरचं इंटरनेट
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. तेव्हापासून आपल्या गेटवरच्या भंगारवाल्याला चांगले चालते संगणक मिळू लागले आहेत! अशा संगणकांवर मी लिनक्स घालून देतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते.

पण घोडं अडतं ते इंटरनेटपाशी. कंपनीला फोन केला की उत्तर येतं, "लिनक्सवर आमचं कनेक्शन चालत नाही." झालं, संगणक पुन्हा माळ्यावर.

हा समज जुन्या मोडेमपासून आला. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. तेव्हाच्या बऱ्याच मोडेमना दोन खाचा असत, एक यूएसबीची आणि एक नेटवर्क केबलची. यूएसबीला ड्रायव्हर लागायचा आणि सोबतची सीडी बहुधा विंडोजचीच असायची. केबलच्या खाचेला मात्र सीडी लागतच नव्हती, आजही लागत नाही. गंमत म्हणजे आज कितीतरी मोडेमच्या पोटात लिनक्सच चालतं!

मग करायचं काय? केबलचं एक टोक मोडेमच्या 'लॅन' खाचेत, दुसरं संगणकात. नेटवर्क सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' निवडा. मोडेम आपणहून पत्ता देतो. एवढ्याने नाही झालं, तर मोडेमच्या खालच्या लेबलवरचा आकडा, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका. मोडेमचं पान उघडलं, तर संगणक आणि केबल ठीक आहेत. दोष पुढे, मोडेममध्ये किंवा लाइनमध्ये. मग कंपनीला "लिनक्स" हा शब्दही सांगू नका. "मोडेमपर्यंत पोचतोय, पुढे नेट नाही," एवढंच सांगा.

एक मात्र पाहा. काही कनेक्शनला युजरनेम आणि पासवर्ड लागतो. तो संगणकात न ठेवता मोडेममध्येच भरून घ्या. माणूस जोडणीला आला की तेव्हाच सांगायचं. मग घरातला कुठलाही संगणक, फोन, टीव्ही चालेल. वायफाय दिसत नसेल, तर आधी केबल लावून नेट सुरू करा. काही जुन्या लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर त्यावरून उतरवून घ्यावा लागतो.

आपल्या इमारतींत दहावी-बारावीची मुलं मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर अभ्यास करतात आणि वरच्या मजल्यावर चालता संगणक धूळ खात असतो. या दोघांच्या मध्ये फक्त एक केबल आहे. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला मारा. रविवारी सकाळी मी घरीच असतो.